कुपनावरची पुई

माझी एक खोड आहे. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे ते दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. वरोऱ्याला आमच्या घरासमोरून कोणी बाजार करून जाऊ लागलं की मी मान लांब करून पिशवीत डोकवायची आणि आई करवादायची, "तुले काय करा लागते? त्यायच्या घरी जेवाले जाऊन राह्यली काय?" लग्न होऊन मुलचेऱ्याकडच्या एका बाजारगावात आले, तरी खोड सुटली नाही. उलट तिथे त्याच कामाचा मला पगार मिळू लागला.

नवरा तिथल्या आश्रमशाळेत मास्तर होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बाहेरची एक संस्था आमच्या भागात काम करायची. तिनं ठरवलं की गरोदर बायांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना दर बाजाराला एक कुपन द्यायचं. त्या कुपनावर फक्त ताजी भाजी आणि फळं मिळायची. तेल, मीठ, तंबाखू, सुकी मासळी असलं काही चालायचं नाही. भाजीवाल्यांनी कुपन ठेवून घ्यायचं आणि बाजार उठताना माझ्याकडून त्याचे पैसे न्यायचे. ह्यासाठी लिहिता-वाचता येणारी आणि बायांशी बोलणारी बाई हवी होती. गावात तशा दोघीच होत्या आणि त्यातली दुसरी लाजाळू होती.

तर दर सोमवारी मी चिंचेखाली टेबल टाकून बसायची. गोंडपिपरीकडच्या माळिणी वांगी, भेद्रं आणि सांबार घेऊन यायच्या. टमाट्याला आमच्याकडे भेद्रं म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार, हे पुण्यामुंबईकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं, नाहीतर पुढे घोळ होईल. ढिवरांच्या बाया तळ्यातली मासळी ओल्या गोणपाटावर मांडायच्या. नाल्यापलीकडच्या जंगलगावांतल्या गोंड बाया पत्रावळी, मध, झाडू विकायच्या आणि दिवस कलायच्या आत मीठ-मिरची घेऊन परत निघायच्या. बाजाराच्या पार टोकाला, रस्त्याच्या कडेला, बंगाली बसायचे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या ह्या निर्वासितांना सरकारनं इकडच्या जंगलात वसवलं त्याला तोवर एक पिढी उलटून गेली होती. त्यांच्यासारखी भाजी दुसऱ्या कोणाला पिकवता येत नाही हे सगळा बाजार मान्य करायचा, आणि तरी त्यांच्याकडून घेताना बिचकायचा, कारण त्यांच्या टोपलीतल्या निम्म्या भाज्यांची नावंच कोणाला माहीत नव्हती.

कुपनं सुरू झाली तेव्हा श्रावण अर्धा झाला होता. बाजारात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा, काकड्या, दोडके, कोवळं कोहळं यांचे ढीग लागले होते. गोंड बाया माझ्याकडून कुपन घेत, घडी करून मुठीत धरत आणि सगळा बाजार हिंडत. शेंगांपाशी थांबत. एखादी शेंग उचलून वासही घेत. मग ती परत ठेवून देत आणि आलू-कांदे घेऊन चालू लागत. मी टेबलामागून हे बघत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. हिरव्यागार शेंगा समोर पडलेल्या, हातात फुकटचं कुपन, आणि ह्या बाया आलू काय घेतात! माळिणी वेगळ्या कुरकुरायच्या. "तुझ्या बाया नुसता हात लावून जाते," त्या मला सुनवायच्या, जसं काही मीच त्यांना तसं शिकवून पाठवलं होतं.

मग एका सोमवारी परत निघालेल्या एकीच्या टोपलीत मी सवयीनं डोकावले, तर आलूंच्या वर जाडजूड, जांभळट देठांची, मांसल पानांची एक मोळी.

"हे काय व?" मी विचारलं.

"पुई," ती म्हणाली.

दुसरीच्या टोपलीत बघितलं, पुई. तिसरीच्या टोपलीत पुई आणि परवल. चौथीनं तर केळीचं फूल घेतलं होतं. केळीचं फूल खातात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी टेबल सोडून बाजाराच्या टोकाला गेले. तिथे एक बंगाली बाई पोतं अंथरून बसली होती. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात पान. सगळे तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्यापुढे माझ्या बायांची ही गर्दी उडाली होती. बाजूलाच तिनं शेंगाही ठेवल्या होत्या, चांगल्या लुसलुशीत. त्यांना कोणी शिवत नव्हतं.

"मासी, ये लोग पुईच काऊन लेते?" मी माझ्या हिंदीत विचारलं.

"हम क्या जाने, बाबा. माँगता है तो देता है." तिनं पानाची पिंक टाकली आणि पुढची मोळी बांधायला घेतली.

आता माझी झोप उडाली. स्वस्त म्हणून घेतात म्हणावं, तर कुपनावर सगळं सारखंच. मासी वरून जास्तीचं टाकते म्हणावं, तर ती अशी चोख की एक पान जास्त पडलं तर उचलून घेईल. चव असेल म्हणून मी स्वतः एक मोळी घरी नेली. बघितल्यावर ओळख पटली. वरोऱ्याला एका शेजारणीच्या कुंपणावर हाच वेल होता, तिला ती मायाळू म्हणायची आणि त्याच्या पानांची भजी करायची. मी भजी सोडून भाजी केली. भाजी बुळबुळीत झाली. नवऱ्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "ही खाल्ली म्हनाव का घसरली म्हनाव?" म्हणजे चवीचंही कारण नव्हतं.

संस्थेचे साहेब जीपनं आले. त्यांनी बाजारातून एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, शेंगांमध्ये किती ताकद असते ते ह्या बायांना समजावून सांगा. मी समजावलं. चांगलं खुर्चीवर उभं राहून समजावलं. बाया तोंडावर पदर घेऊन ऐकत होत्या, मध्ये मध्ये माना हलवत होत्या. माझं संपल्यावर एकमेकींकडे बघून हसल्या आणि उठून मासीकडे पुई घ्यायला गेल्या.

ह्या बायांमध्ये एक होती, अंगानं काडीसारखी. डोक्यावर बांबूची भली मोठी टोपली आणि पाठीला झोळीत पोर. लांबून बघितलं तर टोपलीच चालत येतेय असं वाटायचं, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव टोपलीवाली ठेवलं होतं. ती माझ्या नवऱ्याच्या शाळेत दोन-चार वर्गांपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे तिचं मराठी इतर बायांपेक्षा मोकळं होतं. उपकेंद्रातल्या सिस्टरला तिचीच सगळ्यात जास्त काळजी होती. झोळीतल्या पोराच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं होतं की गाडीत घालून नेताना सिस्टरचा धीर सुटला होता. सिस्टर प्रत्येक बाजारात तिची खालची पापणी ओढून बघायची आणि मला दाखवायची, "पहा, कशी पांढरी फटक. रक्त चढल्याशिवाय हिला पुन्हा दिवस गेले त माझ्या हातात काही नाही." टोपलीवाली दोघींकडे आळीपाळीनं बघून हसायची.

तिलाच मी गाठलं. टेबलाजवळ बसवलं, चहा पाजला आणि सरळ विचारलं, "शेंगा काऊन नाई घेत तुमी?"

"पंडुम नाई झालं, बाई."

"कोनाचं?"

"शेंगाचं."

मग हळूहळू उलगडलं. नवी शेंग, नवं फळ, नवं धान आलं की आधी ते देवाला आणि गेलेल्या वाडवडिलांना ठेवायचं, मग सगळ्या गावानं एकत्र बसून खायचं. ते पंडुम. ते झाल्याशिवाय घरच्या वेलाचीसुद्धा शेंग तोंडात घालायची नाही. त्यांच्या गावाचं शेंगांचं पंडुम अजून व्हायचं होतं.

"पन हे त बाजारातली शेंग हाय न?"

"शेंग त शेंगच न, बाई."

"मंग आलू कसा चालते?"

"आलू आमच्या गावात होतच नाई. त्याचं पंडुम कायचं?"

"अन् पुई?"

"पुई बी नाई होत," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून खळखळून हसली.

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. गावात जे पिकतं ते गावाचं, त्याची रीत ठरलेली. जे गावाला ठाऊकच नाही त्याच्यावर कसली बंदी असणार? म्हणून मासीची टोपली त्यांना मोकळी होती. मी धावत जाऊन मासीला सांगितलं. मासीनं पान चघळणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा है. तो हम और पुई लगाएगा." साहेबांना सांगितलं तर ते अंधश्रद्धा म्हणाले. मला राग आला. आमच्या वरोऱ्याच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरस दाखवल्याशिवाय आंब्याची फोड कोणाच्या हातात पडत नव्हती, आणि साहेबांच्या घरीही तसंच काहीतरी असणार. पण नोकरी त्यांच्या हातात होती, तेव्हा मी तोंड मिटून घेतलं.

तो पावसाळा, तो हिवाळा टोपलीवालीनं भरपूर पुई खाल्ली. शेंगांचं पंडुम झालं तशा शेंगाही खाल्ल्या, पण पुईची तिला गोडी लागली होती. उन्हाळा लागायच्या आधी सिस्टरनं पापणी ओढली आणि मला हाक मारली. पापणी आतून गुलाबी होती. आम्ही दोघी बाजारात उभ्या राहून लहान पोरींसारख्या हसत होतो.

आणि उन्हाळ्यात कुपनं बंद झाली. संस्थेचा पैसा आटला, एवढंच कारण आम्हाला कळलं. शेवटच्या सोमवारी टोपलीवाली मासीपाशी बराच वेळ बसून होती. कुपन नाही तर पुई कुठून आणायची, हा तिचा प्रश्न. पत्रावळी विकून येणाऱ्या पैशात मीठ-मिरची आणि पोराचं औषधपाणी कसंबसं भागायचं. मासीनं, त्या चोख मासीनं, आपल्या वेलाच्या चार-पाच जाड डांड्या ओल्या चिंधीत गुंडाळून तिच्या टोपलीत टाकल्या.

"पानी के पास गाड़ देना," मासी म्हणाली. "मरता नहीं ये. बहुत बेशरम है."

पुढच्या पावसाळ्यात मी बाजाराला जायची ती माझ्या स्वतःच्या भाजीसाठी. एका सोमवारी टोपलीवाली दिसली. पोर आता पाठीवरून उतरून बोट धरून चालत होतं, आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. पाचवा-सहावा असावा. चेहरा ओढलेला. मी न विचारता तिची पापणी ओढली. ती मागच्या श्रावणासारखीच पांढरी होती.

"पुई नाई जगली काय?" मी घाबरून विचारलं.

"जगली न. घरावर चढली. शेजारच्यायच्या घरावर बी गेली."

"मंग खाऊन नाई राह्यली?"

"नाई. गायता नाई म्हन्ते."

गायता म्हणजे तिच्या गावचं देवाधर्माचं बघणारा म्हातारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुई आता गावाच्या मातीत उगवली, म्हणजे गावाची झाली. गावाच्या वस्तूचं पंडुम झाल्याशिवाय खायची नाही. आणि शेंग ती शेंग, तशी पुई ती पुई. म्हणून मासीच्या टोपलीतली पुईसुद्धा आता बंद. डांड्या लावल्या नसत्या, तर बाजारातली तरी कधीमधी खाता आली असती. लावल्या म्हणून दोन्हीकडून गेली.

"त करा न पंडुम!" मी ओरडलेच.

"होत नाई म्हन्ते," ती खाली बघत म्हणाली.

माझं डोकं फिरलं. सिस्टर दोनच दिवसांनी त्या गावाला फिरतीवर जाणार होती, तिच्यामागे लागून मीही निघाले. नाला गुडघ्याच्या वर होता, साडी खोचून पार केला. रस्ताभर मी गायत्याला काय काय सुनावायचं ते ठरवत होते आणि सिस्टर म्हणत होती, "बाई, जरा दमानं. त्या गावात मले पुन्हा पुन्हा जा लागते." गावात शिरताच आधी पुई दिसली. टोपलीवालीच्या घराचं छप्पर त्या वेलानं पार झाकलं होतं. एकेक पान तळहाताएवढं. त्या छपराखाली ती पांढऱ्या पापण्या घेऊन राहत होती. मला रडूच यायला लागलं.

गायता अंगणात बसून बांबूच्या कांड्या चिरत होता. मासळीचा सापळा करायचा होता. मी बोलले, चांगलं पोटभर बोलले. रक्ताचं सांगितलं, मागच्या बाळंतपणाचं सांगितलं. तो चिरत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "ते आमची सून हाय, बाई. तिचं रक्त आमी बी पाह्यलं. मी तं तवापासून सोचूनच राह्यलो."

"काय सोचून राह्यले, भाऊ?"

त्यानं सुरी खाली ठेवली. पंडुम करायचं म्हणजे देवापुढे ती वस्तू ठेवून सांगावं लागतं की ही कुठून आली, कोणी आणली. शेंगेचं त्याला ठाऊक होतं, मोहाचं होतं, कोहळ्याचं होतं. प्रत्येकाचं सांगणं त्याच्या बापानं त्याला दिलं होतं. पुईचं कोणी दिलं नव्हतं. "बिना सांगता ठेवलं, त देव म्हनन, हे कोनाचं उचलून आनलं?"

"बाजारातून आली म्हना न."

"बाजारात काही उगवते काय, बाई?" तो म्हणाला, आणि अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. मलाही हसू आलं आणि माझा राग तिथेच अर्धा उतरला. मग त्यानं मला उलट विचारायला सुरुवात केली. ही तुमच्याकडे होते काय? तुम्ही काय म्हणता? कोणत्या महिन्यात फूल येतं? तिच्या फळाचा रंग कपड्याला लागला की जातो काय? हा माणूस माझ्याच जातीचा निघाला. माझ्याइतकीच त्यालाही दुसऱ्याच्या टोपलीत डोकवायची हौस होती.

"मले नाई सांगता येत, भाऊ," मी शेवटी म्हटलं. "मासीले मालूम असन. तिचीच हाय."

"मंग तिले आन."

सोपं वाटलं होतं, तसं ते नव्हतं. मासी त्या बायांना वर्षानुवर्षं भाजी विकत होती, पण नाला ओलांडून एकाही जंगलगावात कधी गेली नव्हती. तीच काय, दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जात नसत. बंगाल्यांना जमिनी मिळाल्या त्या आधी कोणाच्या तरी रानातल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. मासी म्हणाली, हम नहीं जाएगा. म्हणाली, हम बैष्णव है, उधर मुर्गी काटेगा. मी टोपलीवालीच्या नवऱ्याच्या हाती निरोप धाडला. गायत्याचा उलट निरोप आला की कोंबडी मासी परत गेल्यावर कापू. तरी मासी नाहीच म्हणाली. खरं कारण तिनं शेवटी सांगितलं, "हमको भगा दिया तो?"

पुढच्या सोमवारी मी टोपलीवालीलाच तिच्यापुढे नेऊन बसवलं. मासीनं तिच्या पोटाकडे बघितलं, मग सिस्टर करायची तसंच बोटानं पापणी खाली ओढली.

"कल चलेगा," ती मला म्हणाली, आणि पोतं झटकून उरलेली भाजी भरायला लागली. बाजार अजून निम्मासुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासी नवी साडी नेसून आली. डोक्यावर टोपली, टोपलीत मोहरीचं तेल, हळद, आणि एक लाल भोपळा. पुई भोपळ्याबरोबरच शिजवायची असते, असं तिनं मला वाटेत तीनदा बजावलं. गावात पोचल्यावर बायांनी टोपली उतरवून घेतली, आणि भोपळा बघताच त्यांच्यात एकदम हसण्याचा गलका झाला. कोहळ्याभोपळ्याचं पंडुम व्हायला अजून महिना होता! एकीनं भोपळा दोन्ही हातांनी उचलून, जणू सापाचं पिल्लू असावं तसा अंगापासून दूर धरून, पार गावकुसाबाहेर एका झाडाखाली नेऊन ठेवला. मासी आधी गोरीमोरी झाली. मी तिला कारण सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला आणि तीही हसायला लागली. पुई बिनभोपळ्याची शिजली.

गावाच्या कडेला एका जुन्या झाडाखाली जागा सारवलेली होती. गायता पुढे बसला. पानावर तांदूळ, दोन अंडी, मोहाची दारू, आणि मधोमध पुईची कोवळी पानं. टोपलीवाली बायांच्या पुढच्या रांगेत बसली होती, पोट सावरून. भाजीचा वास सगळीकडे पसरला होता आणि तिचे डोळे सारखे त्या मडक्याकडे जात होते. मासीला गायत्यानं आपल्या शेजारी बसवलं.

"सांगा, बाई. हे कुठची?"

"हमारा बाड़ी का," मासी म्हणाली.

"तुमची बाडी त इथली. त्याच्या आधी?"

"उसके पहले कॅम्प में था. सरकार जिधर जिधर रखा, उधर लगाया. माँ के पास बीज था, आँचल में बाँध के लाया था. जिधर रुकता था, माँ पहले ये लगाता था. घर बाद में."

"मायच्या आधी?"

मासीनं हातातल्या पांढऱ्या बांगड्या मागे सारल्या. "गाँव में था," ती म्हणाली. "हमारा गाँव में. पुकुर के किनारे." पुकुर म्हणजे तळं, हे मी गायत्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, तळं त्याला लगेच कळलं.

"नाव काय त्या गावाचं?"

आणि मासीला बोलता येईना. गायता घाई करत नव्हता. मला वाटलं ती नाव विसरली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "इधर सब कॅम्प का नंबर पूछता है. गाँव का नाम कोई नहीं पूछा. हम इतना सा था, तब से कोई नहीं पूछा."

मग तिनं नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही, ते माझं नाही. गायत्यानं ते म्हणून बघितलं आणि चुकला. मासीनं सुधारलं. तो पुन्हा चुकला, आणि ह्या वेळी मासीनं त्याला जरा दरडावूनच सांगितलं, जशी ती बाजारात मोळी विस्कटणाऱ्याला दरडावायची. तिसऱ्यांदा त्याला बरोबर आलं. मागे बसलेली पोरं, बाया, म्हातारे, सगळ्यांनी हळू आवाजात ते म्हणून बघितलं. त्या झाडाखाली त्या दूरच्या तळ्याकाठच्या गावाचं नाव चहूकडून ऐकू येऊ लागलं, आणि मासी उघड रडू लागली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"आता तिथी कोन हाय तुमचं?" गायत्यानं विचारलं.

"कोई नहीं."

"मंग तिथी नवी पुई आली, त हे सांगनं कोन सांगते?"

मासीनं मान हलवली. कोणी नाही.

"मंग इथी सांगू," गायता म्हणाला. "दर साली."

तो देवाकडे वळला आणि गोंडीत सांगू लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मध्येच ते नाव आलं तेव्हा कळलं. आता ते त्याच्या तोंडी कुठे अडखळत नव्हतं. मग त्यानं एक घास मातीवर ठेवला आणि बायांना हात केला. मासी डोळे न पुसताच उठली. तिनं मडकं स्वतःकडे ओढलं, आणि सगळ्यात आधी टोपलीवालीच्या पानात वाढलं. टोपलीवालीनं वर बघितलं नाही. ती खाली मान घालून भराभर खात होती, आणि पान रिकामं होईल तसतशी मासी वाढत होती.